रोमन असण्याची शक्यता

रस्त्यात पडलेला खिळा उचलून खिशात घालणारा, आणि तो का उचलला असे विचारल्यास विचारणाराच्या अज्ञानाची कीव करणारा एक तरी गृहस्थ प्रत्येकाच्या परिचयात असतोच. तेव्हा आमच्या डॉक्टरांची ओळख करून देण्यात मी वाचकांचा वेळ घेत नाही. फरक इतकाच, की डॉक्टर तो खिळा मिळविण्यासाठी पहाटे चार वाजता उठतात, साठ-सत्तर मैल मोटार हाकतात, प्रवेशशुल्क भरतात, आणि भर पावसात परक्याच्या शेतात गुडघे टेकून, जमीन उकरून तो हस्तगत करतात. नंतर तो हातरुमालाने पुसून, चष्मा कपाळावर सरकवून, डोळ्यांपासून चार बोटांवर धरून, पूर्वी रुग्णाच्या नातेवाइकांशी ज्या सावध व गंभीर स्वरात बोलत असत त्याच स्वरात म्हणतात, "रोमन असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

मी हे वाक्य प्रथम ऐकले तेव्हा त्यांच्या तळहातावर बीअरच्या डब्याची कडी होती. ती कडी आहे हे मला दिसत होते, शेजारी उभ्या असलेल्या एका इंग्रज नळकाम्याला दिसत होते, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून डॉक्टरांच्या दृष्टीत काहीही दोष नसल्यामुळे त्यांनाही ते दिसत असलेच पाहिजे. परंतु रोमन लोक मद्य पीत असत, ते पात्रांत भरून ठेवीत असत आणि पात्रांना कड्या असत, अशा तीन निर्विवाद विधानांच्या पायऱ्या चढून डॉक्टर ज्या निष्कर्षाप्रत पोहोचले होते तेथून त्यांना खाली उतरविणे आम्हा दोघांनाही शक्य झाले नाही. ॲल्युमिनियम हा धातू एकोणिसाव्या शतकापूर्वी कोणी वेगळाच केलेला नव्हता, हे मी नम्रपणे निदर्शनास आणून दिले. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "पूर्वीच्या लोकांचं काय काय हरवलंय, आपल्याला काय ठाऊक राव!" ट्रॅक्टरचा बोल्ट, सार्डिन माशांचा डबा उघडायची किल्ली, शिशाचे असंख्य बेढब गोळे या सर्वांना त्यानंतर याच न्यायाने रोमचे नागरिकत्व बहाल झाले. एका चमच्याच्या दांड्यावर शेफिल्ड हे गावाचे नाव ठसठशीत कोरलेले होते. डॉक्टर क्षणभर थांबले. मग म्हणाले, "नमुना रोमन असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

डॉक्टर मूळचे कोल्हापूरचे. तारुण्यात उच्च शिक्षणासाठी म्हणून विलायतेस आले, आणि पूर्व इंग्लंडातील सफोक परगण्यातल्या एका रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून इतकी वर्षे राहिले, की परत जाण्याची भाषा प्रथम मुलांच्या शिक्षणापर्यंत, नंतर निवृत्तिवेतनापर्यंत आणि शेवटी नातवंडांपर्यंत तहकूब होत गेली. निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना मेटल डिटेक्टर भेट दिला. शालजोडी व श्रीफळ देऊन माणसास घरी बसविण्याची आपली पद्धत किती शहाणपणाची आहे हे त्या दिवसापासून वहिनींना पटले असून, त्या सहकाऱ्यांपैकी कोणालाही त्यांनी आजतागायत जेवायला बोलाविलेले नाही. डॉक्टरांना एकट्याने रानोमाळ हिंडू द्यायचे नाही, असा मात्र त्यांचा हुकूम आहे; आणि त्या हुकमाच्या बजावणीसाठी बेलिफ म्हणून माझी नेमणूक झालेली आहे.

या मेळाव्यांचा थाट एकदा पाहण्यासारखा असतो. ऑगस्ट-सप्टेंबरात गव्हाची व बार्लीची कापणी झाली, शेतांत नुसते खुंट उरले, की एखाद्या शेतमालकाच्या परवानगीने शेकडो शोधक तेथे जमतात. तंबू पडतात, बर्गरची गाडी येते, फिरत्या शौचकूपांची रांग लागते, आणि एका फळ्यावर नियमांची जंत्री टांगली जाते: खणलेला खड्डा बुजवावा, संरक्षित स्मारकाच्या हद्दीत पाऊल ठेवू नये, सापडलेली महत्त्वाची वस्तू नोंदणीच्या तंबूत दाखवावी. दोरीच्या अलीकडे निवृत्त पोलीस, टपालवाले, नळकामे, शाळेत जेवण वाढणाऱ्या बायका असा सर्व जातीचा समाज कानांवर हेडफोन चढवून उभा असतो, भोंगा वाजतो, आणि तोवर हवापाण्याच्या गप्पा मारणारी ही सभ्य मंडळी एकमेकांकडे पाठ फिरवून, जमिनीवर नजर लावून, यंत्र डावी-उजवीकडे झुलवीत अशी पांगतात, की दुरून पाहणारास एवढ्या सर्वांचे एकाच वेळी काय हरवले असावे असा प्रश्न पडावा. काही शेतांत नगरपालिकेच्या कचऱ्यापासून केलेले खत पसरलेले असते, आणि त्यात डब्यांचे, तारांचे व पत्र्यांचे इतके कपटे असतात की यंत्र पावलोपावली किंचाळते. अशा शेतातून बाकीचे शोधक शिव्या घालीत बाहेर पडतात. डॉक्टर मात्र तेथेच रमतात. साम्राज्य दाट वस्तीचे होते असे त्यांचे मत आहे.

यंत्राची मूळ कल्पना सोपी आहे. तळाच्या वेटोळ्यातून वीज खेळते, तिच्या योगाने जमिनीत चुंबकीय क्षेत्र शिरते, वाटेत धातू भेटला तर त्यात सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो आणि त्याची प्रतिक्रिया कानात सूर होऊन उमटते. लोखंडास खर्ज, रुप्यास तार सप्तक. ही माहिती डॉक्टर कोणाही नवख्यास पाच मिनिटांत देऊ शकले असते. परंतु ते 1881 सालापासून प्रारंभ करतात. त्या वर्षीच्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली, ती शरीरात कोठे रुतली ते कळेना, तेव्हा टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा आपले नवे धातुशोधक यंत्र घेऊन त्यांच्या शय्येपाशी आला. गोळी सापडली नाही. उपचार करणाऱ्या मुख्य वैद्याने शरीराची एकच बाजू तपासू दिली, गादीतल्या स्प्रिंगांनी यंत्रास चकविले असेही म्हणतात, आणि जखमेत धुतल्यावाचून बोटे घालणाऱ्या चिकित्सकांच्या कृपेने अध्यक्ष सप्टेंबरात निवर्तले. "म्हणजे यंत्र निर्दोष, आणि दोष सगळा डॉक्टरांचा!" हे वाक्य स्वतः डॉक्टर असलेला मनुष्य किती आनंदाने उच्चारू शकतो हे प्रत्यक्ष ऐकल्याखेरीज कळावयाचे नाही. त्या गोळीच्या रोमन असण्याविषयी ते अद्याप काही बोललेले नाहीत, ही गोष्ट मी त्यांच्या संयमाच्या खाती जमा धरतो.

कायद्याचा विषय निघाला की मात्र हा संयम सुटतो. इंग्लंडात मिळालेल्या गुप्तधनासंबंधी 1996 चा कायदा आहे. तीनशे वर्षांहून जुनी, दहावा हिस्सा तरी सोने वा रुपे असलेली वस्तू मिळाली, अथवा तशा जुन्या सोन्यारुप्याची दोन नाणी एकत्र मिळाली, तर चौदा दिवसांच्या आत वर्दी द्यावी लागते. मग चौकशी होते, वस्तुसंग्रहालयास ती हवी असल्यास समिती किंमत ठरविते, आणि ते इनाम शोधणारा व जमिनीचा मालक यांच्यांत बहुधा निम्मेनिम्म वाटले जाते. ही वर्दी द्यावयाची ती कोरोनर नावाच्या अधिकाऱ्याकडे. आणि संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा कोरोनर तो हाच. आता, भूलतज्ज्ञाची सारी हयात कोरोनरासमोर उभे राहण्याचा प्रसंग न यावा यासाठी देवाची करुणा भाकण्यात जाते. डॉक्टरांवर तो प्रसंग कधी आला नाही. निवृत्त झाल्यापासून मात्र कोरोनराचे बोलावणे यावे म्हणून त्यांचा जीव तळमळत असतो, आणि ज्या लिफाफ्याच्या नुसत्या दर्शनाने पूर्वी घाम फुटला असता त्याची ते टपालाच्या वेळी दारात उभे राहून प्रतीक्षा करतात.

त्यांचे आराध्यदैवत एरिक लॉज. हॉक्सन हे गाव सफोकातच आहे. तेथील एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली, ती शोधून देण्यासाठी त्याचे स्नेही लॉज हे यंत्र घेऊन गेले, आणि 16 नोव्हेंबर 1992 या दिवशी त्यांना हातोडीच्या ऐवजी रोमन अमदानीच्या अखेरीचा ठेवा मिळाला: सुमारे पंधरा हजार नाणी, सोन्याचे अलंकार, रुप्याचे चमचे आणि मिऱ्याच्या पुडीची रुपेरी पात्रे. सद्गृहस्थाने लोभाने सगळे उकरून न काढता तत्काळ वर्दी दिली, त्यामुळे पुरातत्त्ववेत्त्यांना ठेवा जागच्या जागी अभ्यासता आला. साडेसतरा लाख पौंड इनाम मिळाले, त्यातला वाटा लॉजनी शेतकऱ्यास दिला; पुढे ती हातोडीसुद्धा सापडली, आणि ती ब्रिटिश म्युझियममध्ये जमा आहे.

या हकिकतीवरून कोणी चिकाटीचा बोध घेईल, कोणी प्रामाणिकपणाचा. डॉक्टरांनी हातोडीचा घेतला. प्रत्येक मेळाव्याच्या प्रारंभी, आपणाकडे कोणी पाहत नाही अशी खात्री करून घेऊन, ते कोटाच्या आतल्या खिशातून हातोडी काढतात, डोळे मिटतात, स्वतःभोवती एक प्रदक्षिणा घालतात आणि ती खांद्यावरून मागे फेकतात. नंतर शोध सुरू. बहुतेक वेळा ती हातोडी त्यांना सापडत नाही. कारण हातोडी लोखंडाची, आणि लोखंडाचा सूर ऐकूच येऊ नये अशी योजना त्यांनी यंत्रात स्वतःच करून ठेवलेली असते. हा विरोध मी त्यांच्या नजरेस आणून दिला असता ते म्हणाले, "लॉजना तरी हातोडी आधी कुठं मिळाली?" या युक्तिवादाला उत्तर नाही. एका मेळाव्यात मात्र ती दुसऱ्याच एका बाईंना मिळाली. त्यांनी ती प्रामाणिकपणे नोंदणीच्या तंबूत नेऊन दिली, आणि दुपारी ध्वनिक्षेपकावरून साऱ्या शेताला पुकारा झाला की, एक अगदी नवी, दुकानाची चिठ्ठीही अद्याप न निघालेली हातोडी मिळाली आहे, तरी मालकाने ती घेऊन जावी. डॉक्टर माझ्या शेजारी सँडविच खात होते. ते क्षितिजाकडे पाहत राहिले.

त्यांच्या आयुष्यातील दुःखद पर्व म्हणजे लेन्बरो. 21 डिसेंबर 2014 रोजी बकिंगहॅमशायरातल्या लेन्बरोच्या शेतात नाताळानिमित्त भरलेल्या अशाच एका मेळाव्यात, शिशाच्या पत्र्यात गुंडाळलेली पाच हजारांहून अधिक सॅक्सन रुप्याची नाणी मिळाली. राजा एथेलरेड आणि राजा कनूट यांची, नुकतीच टाकसाळीतून आणल्यासारखी. त्या दिवशी डॉक्टर लेस्टर येथे एका बारशास गेले होते. ते बाळ आता शाळेत जाते, अभ्यासातही हुशार आहे. परंतु डॉक्टरांच्या तोंडून त्याच्याविषयी आजवर एकही कौतुकाचा शब्द निघालेला नाही. "नाणी सॅक्सन होती," एवढेच ते स्वतःच्या समाधानासाठी म्हणतात, "रोमन नव्हती."

घरी आणलेल्या मालाची व्यवस्था हा एक स्वतंत्र कज्जा आहे. जुने तांबे-पितळ ऑलिव्हच्या तेलात महिनोगणती भिजत ठेवावे, म्हणजे वरची माती अलगद सुटते, असा या मंडळींत एक जुना प्रघात आहे. डॉक्टरांनी त्यासाठी स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची एक स्टीलची वाटी परस्पर ताब्यात घेतली होती. एका संध्याकाळी पाहुणे अचानक आले, वहिनींची धांदल उडाली, आणि वाटीतले तेल वांग्याच्या भाजीच्या फोडणीस गेले. त्या पंगतीत मीही होतो. भाजीला एक अनिर्वचनीय स्वाद होता, पाहुण्यांनी तीनदा मागून घेतली, आणि माझ्या वाढणीत कोटाची एक गुंडी आली. ती मी ताटाच्या कडेला काढून ठेवली. डॉक्टर माझ्याकडे झुकले आणि ते वाक्य त्यांनी, पाहुण्यांचा विचार करून, कुजबुजत्या स्वरात उच्चारले.

नोंदणीच्या तंबूत बसणारे अधिकारी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या 1997 पासून चालत आलेल्या योजनेचे असतात. सोन्यारुप्याचा कायदा ज्यांना लागू होत नाही अशी बकले, गुंड्या, वजने, मोडके काटे इत्यादी वस्तूही लोकांनी स्वेच्छेने दाखवाव्यात, आणि त्या कोणत्या शेतात नेमक्या कोठे मिळाल्या याची दप्तरी नोंद व्हावी, असा योजनेचा उद्देश. इंग्लंडात ती ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखाली चालते. ज्या म्युझियममध्ये अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पपट भिंतीवर विराजमान आहेत त्याने, सफोकच्या एका गुंडीचे अक्षांश-रेखांश इतक्या काटेकोरपणे विचारून घ्यावेत हे पाहून, ते शिल्पपट आंध्रातून निघाले तेव्हा चौदा दिवसांच्या मुदतीत कोणत्या कोरोनराकडे वर्दी गेली होती, असा एक प्रश्न माझ्या जिभेवर येतो. परंतु तंबूतल्या बाई तरुण, मनमिळाऊ आणि त्या व्यवहारात सर्वस्वी निरपराध असल्यामुळे मी तो गिळतो. डॉक्टर त्यांच्यासमोर शिशाचे गोळे ओळीने मांडतात. बाई एकेक उचलतात, वजन करतात. आणि येथे एक विलक्षण गोष्ट घडली. शिशाच्या साध्या वजनांचा काळ नुसत्या रूपावरून ठरविणे तज्ज्ञांनाही कठीण असते. सबब बाईंनी एका गोळ्यापुढे "रोमन ते अर्वाचीन" अशी अधिकृत नोंद केली. जवळजवळ दोन हजार वर्षांचा तो ऐसपैस कालखंड ऐकून इतर कोणाचाही हिरमोड झाला असता. डॉक्टरांनी त्या नोंदीची नक्कल मागून घेतली, चौकटीत बसविली आणि दिवाणखान्यात, मुलीच्या पदवीदानाच्या छायाचित्राशेजारी लावली. शक्यता सरकारनेही नाकारली नव्हती.

या रोमवेडाचे मूळ मला कळले ते एका पावसाळी दुपारी, मोटारीत. मेळावा धुऊन निघाला होता, काचांवरून पाणी वाहत होते, आणि थर्मासमधला चहा ओतता ओतता डॉक्टर आपण होऊन बोलू लागले. ते जन्मले ते पायाळू. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला भूमिगत धन दिसते या श्रद्धेमुळे लहानपणी त्यांना गावोगावच्या भाऊबंदांकडून आग्रहाची आमंत्रणे येत. वडील शिक्षक, त्यांनी एकालाही दाद दिली नाही. "दफिना हवा असंल तर कलेक्टरला विचारा," म्हणत; आणि 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवर किमतीचा ठेवा मिळाल्यास त्याची खबर सरकारला द्यावी लागते हे ऐकून भाऊबंदांचा उत्साह मावळे. परंतु त्याच वडिलांनी एका रविवारी मुलास टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात नेले. तेथे पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरीत मिळालेली एक हातभरसुद्धा नसलेली कांस्यमूर्ती होती. समुद्राचा देव; पोसायडन. रोमन व्यापाराच्या ओघात दोन हजार वर्षांपूर्वी तो कोल्हापुरास येऊन राहिलेला. "समुद्र कुठं, कोल्हापूर कुठं," डॉक्टर म्हणाले, "आणि रोम कुठं! एकटाच उभा होता बघा काचेच्या पेटीत. मी दर रविवारी जायचो." मग काही वेळ ते बोलले नाहीत. रोमची वस्तू जर कोल्हापुरात निघते, तर जेथे रोमनांनी साडेतीनशेहून अधिक वर्षे प्रत्यक्ष राज्य केले त्या सफोकात ती का निघू नये, हा त्यांचा सिद्धांत वस्तुतः निरुत्तर करणारा आहे, हे मी त्या दिवशी मनातल्या मनात मान्य केले. उघड केले नाही. उघड केले असते तर चहा थंड होईपर्यंत सार्डिनच्या किल्लीचे पुरावे पुन्हा सादर झाले असते.

आणि त्याच दिवशी, पाऊस थांबल्यावर, मला आणखी एक गोष्ट दिसली. मंडळी सामान आवरून निघाली होती. डॉक्टर हातात लहान फावडे घेऊन शेतातून एकटेच चालले होते, आणि इतरांनी आळसाने उघडे टाकलेले खड्डे एकामागून एक बुजवीत होते. माती लोटावी, वर गवताचे ढेकूळ बसवावे, बुटाने हलकेच दाबावे, क्षणभर पाहावे, पुढे जावे. त्यांच्या गुडघ्यांची अवस्था मला ठाऊक होती. भूलतज्ज्ञ रोगी शुद्धीवर आल्याखेरीज जागचा हलत नाही, आणि शुद्धीवर आलेल्या रोग्यास शस्त्रक्रिया करणाराचे नाव जन्मभर आठवते, परंतु ज्याने उशाशी बसून त्याचा श्वास मोजला तो कोण हे त्याला विचारले तर सांगता येत नाही. नाताळात सर्जनच्या घरी भेटकार्डांचे गठ्ठे येत असत, असे वहिनी एकदा सहज बोलून गेल्या होत्या. त्या कार्डांविषयी डॉक्टरांनी कधी चकार शब्द काढलेला नाही.

अलीकडे त्यांनी मृत्युपत्र केले असून बिस्किटांच्या डब्यांत भरलेल्या त्या संग्रहाचा मुखत्यार म्हणून माझे नाव घातले आहे. मी हरकत घेतली. ती नामंजूर झाली. मुलगा मँचेस्टरला राहतो, त्याच्या घरात जागा नाही. मुलीला धुळीचे वावडे आहे. एका वस्तुसंग्रहालयाने अत्यंत सौजन्यपूर्ण भाषेत नकार कळविला आहे. संग्रहासोबत एक जाड नोंदवही आहे, ती मी परवा चाळून पाहिली. प्रत्येक वस्तूस क्रमांक, तारीख, शेत, खोली, वजन, आणि शेवटच्या दोन रकान्यांत काळ व मूळ मालक. अक्षर डॉक्टर मंडळींचे असते तसे नाही, सुवाच्य आहे, शिक्षकाच्या मुलाचे. काळाच्या रकान्यात काय लिहिलेले असावे हे सांगण्याची आता आवश्यकता नाही. परंतु मध्येच एका पानावर मला पुढील नोंद आढळली: "हातोडी. लाकडी दांडा. खोली: पृष्ठभागावर. काळ: एकविसावे शतक. मूळ मालक: अज्ञात." म्हणजे ध्वनिक्षेपकाचा पुकारा बंद झाल्यावर, माणसे पांगल्यावर, ते त्या तंबूत जाऊन आले होते तर; आणि आपली हातोडी त्यांनी सापडलेली वस्तू म्हणून परत मिळविली होती.

ती आता त्या डब्यांपैकी एका डब्यात, क्रमांक चिकटवून, कापसात ठेवलेली आहे, आणि तिला कोणी हात लावावयाचा नाही. बाकीच्या हातोड्या सफोकच्या निरनिराळ्या शेतांत पडल्या आहेत. परिणामी दिवाळीत आकाशकंदिलासाठी खिळा ठोकण्याची वेळ आली की वहिनी आमच्याकडे हातोडी मागावयास येतात. मी ती घेऊन स्वतः त्यांच्याबरोबर जातो, खिळा स्वतः ठोकतो, आणि डॉक्टर चहाचा कितीही आग्रह करोत, हातोडी हातातून खाली ठेवीत नाही.